'सतीवुस' : एका लॅटिन विशेषणाचा अर्थ, उच्चार आणि रूपें

वाटाण्याच्या बियाण्याची पुडी, लसूणघासाच्या लागवडीचें माहितीपत्रक किंवा भातावरील रोगांचें पुस्तक यांपैकीं कांहींहि हातीं घेतलें, तर पिकाच्या देशी नांवाशेजारीं तिरप्या अक्षरांत दोन शब्दांचें एक परकीय नांव छापलेलें आढळतें. भातास 'ओरायझा सटायव्हा', लसणास 'ॲलियम सटायव्हम', काकडीस 'क्युक्युमिस सटायव्हस'. पहिला शब्द प्रत्येक ठिकाणीं निराळा. दुसरा मात्र तोच, फक्त त्याच्या शेवटीं कधीं 'स', कधीं 'आ', तर कधीं 'म'. पुष्कळ शेतकरी बंधु हा दुसरा शब्द पंडितांचा म्हणून सोडून देतात. कांहीं जण त्याच्यावरून मालाची उत्तमता ठरवितात. या दोन्ही गोष्टींनीं नुकसान होतें. वस्तुतः हा शब्द शेतकऱ्याच्याच हातच्या कामावरून बनलेला आहे. त्याचा अर्थ, उच्चार आणि रूपें यांचा क्रमवार विचार या लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं लॅटिन भाषेचें पूर्वज्ञान नको. मराठी शाळेंत शिकलेलें लिंग, वचन आणि विभक्ति एवढें भांडवल पुरे आहे. लेखांत जुन्या वळणाचे अनुस्वार राखले आहेत. त्यांचें प्रयोजन लिंगविचाराचे वेळीं ध्यानांत येईल.

१. अर्थ आणि व्युत्पत्ति

लॅटिन ही प्राचीन रोमची भाषा. तींत 'सेरेरे' म्हणजे पेरणें. या क्रियापदाचें धातुसाधित 'सतुस', म्हणजे पेरलेला. त्यास 'ईवुस' हा प्रत्यय लागून 'सतीवुस' हें विशेषण सिद्ध होतें. हा प्रत्यय आपल्या कानांवरून गेलेला आहे. 'नातुस' म्हणजे जन्मलेला, त्यावरून 'नातीवुस' म्हणजे जन्मानें तेथचा. इंग्रजींतील 'नेटिव्ह' तो हाच. 'काप्तुस' म्हणजे धरलेला, त्यावरून 'काप्तीवुस' म्हणजे बंदिवान. 'सतुस' शब्दानें एखाद्या वेळची पेरणी सांगितली जाते. 'सतीवुस' शब्दानें त्या झाडाची रीतच सांगितली जाते. जें पेरून घ्यावयाचें, आपोआप उगवेल म्हणून ज्याची वाट पाहावयाची नाहीं, तें 'सतीवुस'.

त्याच मुळापासून 'सेमेन' म्हणजे बीं आणि 'सतिओ' म्हणजे पेरणी हे शब्द झाले. 'सतिओ' शब्द फ्रेंच भाषेंतून जाऊन इंग्रजींत 'सीझन' झाला. शहरांत लग्नाचा सीझन, आंब्याचा सीझन असें म्हणतात, तेव्हां बोलणाऱ्याच्या तोंडीं नकळत पेरणीचाच शब्द असतो. रोमन लोकांची 'सातुर्नुस' नांवाची एक देवता होती. तिच्याच नांवावरून शनि ग्रहास युरोपांत नांव पडलें. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील व्हॅरो नांवाच्या पंडितानें या देवतेचें नांवहि पेरणीच्या शब्दावरून लाविलें आहे. आजचे भाषाशास्त्री ही व्युत्पत्ति मान्य करीत नाहींत. तथापि ज्या शनीस आपण साडेसातीसाठीं भितों, त्यास रोमन शेतकरी पेरणीचा देव मानीत, एवढें त्यावरून समजतें.

शब्दाचा अर्थ त्याच्या विरुद्ध शब्दावरून अधिक स्पष्ट होतो. 'सतीवुस' याच्या विरुद्ध 'सिल्वेस्त्रिस', म्हणजे रानचा. कारण 'सिल्वा' म्हणजे रान. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी नांवाच्या रोमन ग्रंथकारानें सृष्टीविषयीं एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांत एकाच जातीच्या वनस्पतींचे लागवडीचा आणि रानचा असे दोन भेद तो वारंवार याच दोन शब्दांनीं दाखवितो. आपल्याकडेहि हा भेद फार जुना आहे. संस्कृतांत नांगरलेल्या जमिनींत पिकणाऱ्या धान्यास 'कृष्टपच्य' आणि नांगरल्यावांचून पिकणाऱ्यास 'अकृष्टपच्य' म्हणतात. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमाचें अन्न खाऊं नये असा जो नेम अनेक घरीं पाळतात, त्याचें मर्म हेंच : त्या दिवशीं 'सतीवुस' वर्ज्य आणि 'सिल्वेस्त्रिस' ग्राह्य.

महसुली दप्तरांत काम केलेल्या माणसास हा अर्थ चटकन पटतो. गांव नमुना बारामध्यें पीकपाहणीची नोंद करतांना शेतांत काय काय उगवलें आहे हें पिकाच्या रकान्यांत लिहावयाचें नसतें. खातेदारानें कोणतें पीक घेतलें तें लिहावयाचें असतें. बांधावरची हराळी कितीहि माजली तरी ती त्या रकान्यांत येत नाहीं, आणि हरभरा कितीहि विरळ उतरला तरी त्याचें नांव चुकत नाहीं. २०२१ सालापासून ही नोंद शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून करूं लागला. परंतु प्रश्न तोच राहिला : तुम्हीं काय पेरलें? 'सतीवुस' हें त्या प्रश्नाचें एका शब्दांतील उत्तर आहे.

२. पेरलेला कीं लागवडीचा?

मराठींत यास प्रतिशब्द कोणता द्यावा? 'पेरलेला' हा शब्द भातास, वाटाण्यास, कोथिंबिरीस चांगला बसतो. परंतु लसणाचें काय? लसूण आपण बियांनीं पेरीत नाहीं, पाकळ्या लावतों. केशराची गोष्ट त्याहून नवलाची. त्याचें शास्त्रीय नांव 'क्रोकस सटायव्हस', आणि त्या झाडास बीं धरतच नाहीं. त्याचे कंद जमिनींत लावूनच त्याची वाढ करावी लागते. ज्यास बीं नाहीं त्यास पेरलेला कसें म्हणावें? याचें उत्तर असें कीं, लॅटिन 'सेरेरे' क्रियापदांत पेरणें आणि लावणें हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीनें या दोन कामांस दोन शब्द ठेविले, रोमन लोकांनीं एकच ठेविला. म्हणून 'लागवडीचा' हा प्रतिशब्द सर्व ठिकाणीं चालतो, आणि पुढें तोच वापरला आहे.

लागवड हा शब्द येथें केवळ कामाचा वाचक नाहीं. त्या कामानें झाडाचा स्वभाव बदलला आहे. रानभाताचे दाणे पक्व होतांच लोंबीतून गळून जमिनीवर पडतात. त्या झाडाच्या हिताचें तेंच आहे, कारण त्यांतून पुढील पिढी उगवते. परंतु मनुष्य जेव्हां कापणी करून दाणे घरीं नेऊं लागला आणि त्यांतलेच पुढील वर्षीं पेरूं लागला, तेव्हां जे दाणे लोंबीस धरून राहिले तेच त्याच्या हातीं लागले. असें पिढ्यान्‌पिढ्या होऊन न गळणारा भात तयार झाला. हें काम चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यांत कांहीं सहस्र वर्षांपूर्वीं चाललें होतें, असें उत्खननांवरून दिसतें. म्हणून 'ओरायझा सटायव्हा' याचा पूर्ण अर्थ 'पेरणीनें घडलेला भात' असा समजावा.

यावरून रानचें तें टाकाऊ असें मात्र समजूं नये. संस्कृतांत आपोआप उगवणाऱ्या भातास 'नीवार' म्हणतात. १९६५ सालीं भारतीय शास्त्रज्ञांनीं एका रानभाताचें नामकरण करतांना तोच शब्द घेतला आणि त्यास 'ओरायझा निवारा' म्हटलें. पुढें फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत भाताचें पीक खुजें व गवताळ करणाऱ्या एका विषाणूरोगास तोंड देणारी जात शोधतां शोधतां, उत्तर प्रदेशांतून गोळा केलेल्या याच नीवाराच्या वाणांत ती शक्ति सांपडली. आणि तिचा संकर करून १९७६ सालीं प्रसृत झालेल्या 'आय. आर. ३६' सारख्या जाती निघाल्या. लागवडीच्या भातास संकटसमयीं रानच्या भातानें हात दिला.

३. उच्चार

या शब्दाचे दोन उच्चार प्रचारांत आहेत. एक प्राचीन रोमन, दुसरा इंग्रजी वळणाचा.

रोमन उच्चार मराठी माणसास सोपा आहे. 'स' ऱ्हस्व, 'त' आपल्या 'तीळ' शब्दांतला, जीभ दांतांस लावून, 'ई' दीर्घ, 'व' आपल्या 'वारा' शब्दांतील वकारास जवळचा, ओठ गोल करून, शेवटचा 'उ' ऱ्हस्व आणि 'स' पायमोडका. जोर मधल्या 'ती' अक्षरावर : स-ती-वुस. जोराचा नियम असा कीं, शेवटून दुसरें अक्षर दीर्घ असेल तर जोर त्यावर पडतो. म्हणून 'सतीवुस' शब्दांत तो 'ती' वर आहे. पण पुढें येणाऱ्या 'सतीवोरुम' या रूपांत शेवटून दुसरें 'वो' दीर्घ असल्यामुळें तो तेथें सरकतो.

इंग्रज लोकांनीं लॅटिन शब्द आपल्या भाषेच्या चालीनें उच्चारले. त्यामुळें 'त' चा 'ट', 'ई' चा 'आय' आणि 'व' चा 'व्ह' होऊन 'सटायव्हस' असें रूप झालें. आपल्याकडील शेतकी महाविद्यालयांतून हाच उच्चार रूढ झाला. 'सॅटिव्हा' असाहि एक मधला उच्चार ऐकूं येतो. यांपैकीं कोणताहि अशुद्ध म्हणतां येत नाहीं, कारण शास्त्रीय नांवांचे नियम लेखनाचे आहेत, उच्चाराचे नाहींत. दुकानांत किंवा कार्यालयांत जो उच्चार चालतो तो करावा. परंतु पुस्तकांत 'सतीवा' दिसलें आणि कानीं 'सटायव्हा' आलें, तर हीं दोन नांवें नसून एकच आहे हें ओळखतां आलें पाहिजे.

४. लिंगविचार

आतां शेवटच्या अक्षराचें कोडें उलगडूं. मराठींत आपण काळा बैल, काळी गाय, काळें वासरूं असें म्हणतों. रंग एकच, पण नामाचें लिंग बदलतांच विशेषणाचा शेवट बदलतो. संस्कृतांत शुक्लः, शुक्ला, शुक्लम्. लॅटिनमध्यें अगदीं तसेंच : पुल्लिंगीं सतीवुस, स्त्रीलिंगीं सतीवा, नपुंसकलिंगीं सतीवुम. संस्कृत 'शुक्लम्' शब्दाच्या अंतींचा 'म्' आणि लॅटिन 'सतीवुम' शब्दाच्या अंतींचा 'म' हे एकाच जुन्या भाषाकुलाचे अवशेष आहेत. आणि मराठी 'काळें' यावरील अनुस्वार त्याच संस्कृत मकाराची उरलेली खूण आहे. १९६२ सालच्या लेखननियमांनीं हा अनुस्वार मराठी लेखनांतून गेला. तो डोळ्यांपुढें असला म्हणजे काळा-काळी-काळें आणि सतीवुस-सतीवा-सतीवुम हीं दोन त्रिकुटें एका ओळींत उभीं राहतात, म्हणूनच तो येथें राखला आहे.

स्वीडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यानें १७५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दोन शब्दांच्या नांवांची पद्धति सर्व वनस्पतींस लाविली. पहिला शब्द कुलाचा, म्हणजे नाम. दुसरा त्या कुलांतील विशिष्ट जातीचा, आणि तो विशेषण असल्यास त्यानें नामाच्या लिंगाप्रमाणें चालावें असा नियम आहे. आपल्या ओळखीचीं पिकें या नियमानें अशीं विभागलीं जातात :

पुल्लिंगी, सटायव्हस — मुळा (रॅफॅनस), काकडी (क्युक्युमिस), केशर (क्रोकस), लाख (लॅथिरस).

स्त्रीलिंगी, सटायव्हा — भात (ओरायझा), ओट (अव्हेना), लसूणघास (मेडिकॅगो), कलौंजी (निजेला), गांजा (कॅनॅबिस).

नपुंसकलिंगी, सटायव्हम — लसूण (ॲलियम), वाटाणा (पायसम), कोथिंबीर (कोरिअँड्रम), अहळीव (लेपिडियम).

येथें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, हें लिंग लॅटिन नामाचें आहे, मराठी नामाचें नाहीं. मराठींत काकडी स्त्रीलिंगी, पण 'क्युक्युमिस' पुल्लिंगी. दुसरी, नामाच्या शेवटावरून त्याचें लिंग नेहमींच कळत नाहीं. मराठींतहि भात पिकला, रात सरली, शेत नांगरलें. तिन्ही शब्द तकारांत, लिंगें मात्र तीन. तसेंच 'क्युक्युमिस' आणि 'कॅनॅबिस' यांचा शेवट एक, पण पहिला पुल्लिंगी आणि दुसरा स्त्रीलिंगी. वृक्षांच्या बाबतींत तर विशेष आहे : रोमन लोक बहुतेक वृक्ष स्त्रीलिंगी मानीत, म्हणून पिंपळाचें 'फायकस' हें नाम उसकारांत असूनहि त्याचें विशेषण 'रेलिजिओसा' असें स्त्रीलिंगी आहे, चिंचेचें नांवहि 'टॅमॅरिंडस इंडिका' असेंच. तिसरी, कांहीं विशेषणें लिंगाप्रमाणें बदलतच नाहींत. लाल बैल, लाल गाय, लाल वासरूं येथें 'लाल' जसें स्थिर, तसें ज्वारीच्या 'सोर्घम बायकलर' या नांवांतील 'बायकलर', म्हणजे दुरंगी, हें रूप प्रथमेच्या एकवचनीं तिन्ही लिंगांत एकच राहतें.

५. विभक्तिरूपें

मराठींत विशेषणास विभक्तीचा प्रत्यय लागत नाहीं. काळ्या बैलास, काळ्या गाईस, काळ्या वासरास असें एकच सामान्यरूप चालतें. लॅटिनमध्यें संस्कृताप्रमाणें विशेषणासहि नामाची पूर्ण विभक्ति लागते. विभक्त्या सहा. आपल्या पंचमीच्या जागीं जी विभक्ति आहे, तिच्यांतच तृतीयेचें आणि बहुतेक सप्तमीचेंहि काम होतें. पुढील रूपें पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग या क्रमानें वाचावीं.

एकवचन
प्रथमा : सतीवुस, सतीवा, सतीवुम
संबोधन : सतीवे, सतीवा, सतीवुम
द्वितीया : सतीवुम, सतीवाम, सतीवुम
षष्ठी : सतीवी, सतीवाइ, सतीवी
चतुर्थी : सतीवो, सतीवाइ, सतीवो
पंचमी : सतीवो, सतीवा, सतीवो

अनेकवचन
प्रथमा व संबोधन : सतीवी, सतीवाइ, सतीवा
द्वितीया : सतीवोस, सतीवास, सतीवा
षष्ठी : सतीवोरुम, सतीवारुम, सतीवोरुम
चतुर्थी व पंचमी : सतीवीस, सतीवीस, सतीवीस

स्त्रीलिंगी प्रथमेच्या एकवचनांतील अंतींचा 'आ' ऱ्हस्व उच्चारावा आणि पंचमींतील दीर्घ. लिहितांना दोन्ही सारखे दिसतात. नपुंसकलिंगीं प्रथमा आणि द्वितीया सदैव एकच असतात, हा नियम संस्कृतांतहि आहे.

पिकांचीं नांवें नेहमीं प्रथमेंतच असतात, मग एवढीं रूपें कशास हवींत, अशी शंका वाचकांस येईल. षष्ठीसाठीं हवींत. लिनीअसच्या ग्रंथाचें नांवच 'स्पेसिएस प्लांतारुम' आहे, म्हणजे वनस्पतींच्या जाति; 'प्लांतारुम' ही 'सतीवारुम' सारखीच स्त्रीलिंगी अनेकवचनी षष्ठी. आणि शेतकऱ्यास षष्ठी भेटते ती किडींच्या आणि रोगांच्या नांवांत. साठवणींतील धान्य पोखरणाऱ्या सोंडकिड्याचें नांव 'सायटोफिलस ओरायझी'. 'ओरायझी' ही 'ओरायझा' ची षष्ठी, 'सतीवाइ' याच चालीची; रोमन 'आइ' चा इंग्रजी वळणानें 'ई' झाला आहे. अर्थ, भाताचा. कापसावरील माव्याचें नांव 'एफिस गॉसिपी', म्हणजे कापसाचा. हें रूप 'सतीवी' या चालीचें. गव्हावरील काळ्या तांबेऱ्याचें नांव 'पुक्सिनिया ग्रॅमिनिस', म्हणजे गवताचा, आणि त्यापुढें 'ट्रिटिसी' जोडलें म्हणजे गव्हाचा. षष्ठी ओळखतां आली, तर शत्रूच्या नांवांतच त्याचें घर वाचतां येतें. मात्र नांवांत एक घर लिहिलें म्हणून शत्रु तेथेंच राहतो असें नाहीं. 'ओरायझी' म्हणविणारा सोंडकिडा ज्वारी आणि गहूहि सोडीत नाहीं.

६. कुल बदललें म्हणजे शेवट बदलतो

शास्त्रज्ञ अधिक अभ्यासानंतर एखादी वनस्पति एका कुलांतून दुसऱ्या कुलांत घालतात. नव्या कुलाचें लिंग निराळें असेल, तर विशेषणाचा शेवटहि बदलावा लागतो. लिनीअसनें मुगास 'फेजिओलस रेडिएटस' असें पुल्लिंगी नांव दिलें होतें. १९५४ सालीं मूग 'व्हिग्ना' या स्त्रीलिंगी कुलांत गेला आणि त्याचें नांव 'व्हिग्ना रेडिएटा' झालें. जुन्या पुस्तकांतील 'रेडिएटस' आणि नव्यांतील 'रेडिएटा' हीं दोन पिकें नव्हत. बाजरीचेंहि तसेंच, 'पेनिसेटम अमेरिकॅनम' असें कोठें वाचलें आणि अलीकडील पुस्तकांत 'सेंक्रस अमेरिकॅनस' दिसलें, तर बाजरी तीच, कुलाचें लिंग तेवढें नपुंसकाचें पुल्लिंगी झालें आहे.

याउलट उडिदाचें नांव 'व्हिग्ना मुंगो'. यांतील 'मुंगो' हें 'सतीवुस' सारखें चालणारें विशेषण नव्हे. तें आपल्याच 'मूग' शब्दावरून घेतलेलें नाम आहे. म्हणून १९५६ सालीं उडीद 'फेजिओलस' मधून 'व्हिग्ना' मध्यें गेला तरी 'मुंगो' जसेंच्या तसें राहिलें. येथें फार सावध असावें, कारण कानास मूग वाटणारें हें नांव उडिदाचें आहे. आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांतून तर हेंच नांव मुगास लावलेलें आढळतें.

यांतून प्रत्यक्ष हानि कशी होते त्याचें एक उदाहरण देतों. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्यानें मुगाच्या बीजोत्पादनाचा अर्ज भरविला. अर्ज लिहिणाऱ्यानें पिकाचें शास्त्रीय नांव म्हणून 'मुंगो' घातलें. मराठी रकान्यांत मूग, शास्त्रीय रकान्यांत उडीद. कागद खुलाशासाठीं परत आला, खुलासा गेला, पुन्हां शेरा आला. आणि तोंवर शेंगा वाळल्या. उभ्या पिकाची तपासणी हीच बियाणें प्रमाणित होण्याची मुख्य अट असल्यामुळें तो प्लॉट बाद झाला. उत्तम निगराणीनें वाढविलेला मूग बाजारांत साध्या धान्याच्या भावानें विकावा लागला. एका शब्दापायीं वर्षाची मेहनत गेली.

७. हा शब्द काय सांगत नाहीं

'सतीवुस' म्हणजे लागवडीचा, एवढेंच. उत्तम, पौष्टिक, शुद्ध किंवा निर्दोष असा अर्थ त्यांत नाहीं. तीन उदाहरणें पुरेशीं आहेत.

पहिलें, लाख. पूर्व विदर्भांत भाताच्या बांध्यांत ओलावा असतांनाच फोकून घेतली जाणारी ही लाख किंवा लाखोळी 'लॅथिरस सटायव्हस' आहे. पाणी नसतां येणारें, गरिबाच्या उपयोगाचें पीक. पण तिच्या दाण्यांत एक विषारी द्रव्य असतें, आणि टंचाईच्या दिवसांत महिनोन्‌महिने मुख्यतः तिच्यावरच निर्वाह केला, तर पाय लुळे पडण्याचा विकार जडतो व तो बरा होत नाहीं. हें द्रव्य कमी असलेल्या 'रतन' आणि 'प्रतीक' या जाती संशोधकांनीं काढल्या. आतां पाहा, जुनी लाखहि सटायव्हस आणि 'रतन' हि सटायव्हसच. ज्यावर घरच्या माणसांचें आरोग्य अवलंबून, तो भेद लॅटिन नांवांत नाहीं. वाणाच्या नांवांत आहे.

दुसरें, गांजा. 'कॅनॅबिस सटायव्हा' म्हणजे लागवडीचा गांजा; पण म्हणून त्याची लागवड मोकळी आहे असें नाहीं. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यान्वयें परवान्यावांचून त्याचें झाड लावणें हा गुन्हा आहे. शब्दानें परवानगी मिळत नसते.

तिसरें, बियाण्याची पिशवी. तिच्यावर 'सटायव्हा' छापलें आहे म्हणून बियाणें चांगलें, असें कोणी दुकानांत सांगूं लागल्यास त्यावर विसंबूं नये. तें नांव गोदामांतल्या किडक्या भातासहि तितकेंच लागू आहे. पाहावयाची ती खूणचिठ्ठी : पैदासकार बियाण्यास पिवळी, पायाभूत बियाण्यास पांढरी, प्रमाणित बियाण्यास निळी. तिच्यावर वाणाचें नांव, गट क्रमांक, उगवणशक्ति आणि मुदत हीं वाचावीं, आणि पावतीसह ती चिठ्ठी पीक निघेपर्यंत जपून ठेवावी. लॅटिन नांव पीक कोणतें तें सांगतें. माल कसा तें खूणचिठ्ठी सांगते.

नांवाचा उपयोग त्याच्या जागीं मोठा आहे. आपल्या देशीं नांवांत पुष्कळ घोटाळे आहेत. लसूणघास आणि लसूण यांच्या नांवांत साम्य असलें, तरी पहिली हरभऱ्या-वाटाण्यासारखी शेंगवर्गीय वैरण आहे आणि दुसरा कांद्याचा भाऊ आहे. 'मेडिकॅगो सटायव्हा' आणि 'ॲलियम सटायव्हम' असें लिहिलें म्हणजे भ्रमास जागा उरत नाहीं. पहिला शब्द कुळी सांगतो, दुसरा लागवडीची रीत सांगतो, आणि त्याचा शेवट दोहोंचा मेळ बसला आहे कीं नाहीं तें दाखवितो. हा मेळ चुकलेला दिसला, तर छापणाऱ्यानें नांव न समजतां उतरविलें आहे असें जाणून बाकीचा मजकूरहि अधिक काळजीनें वाचावा.

अभ्यास

१. 'सतीवुस' चें योग्य रूप घालून नांवें पुरीं करा : कोरिअँड्रम —, निजेला —, रॅफॅनस —.

२. 'इंडिकुस' म्हणजे हिंदुस्थानचा. हें विशेषण 'सतीवुस' प्रमाणेंच चालतें. तिळाचें 'सेसॅमम' हें कुलनाम नपुंसकलिंगी आणि आंब्याचें 'मँजिफेरा' हें स्त्रीलिंगी आहे. त्यांपुढें 'इंडिकुस' चें कोणतें रूप येईल?

३. 'सतीवुस' चें पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अनेकवचनी षष्ठीचें रूप सांगा. जोर कोणत्या अक्षरावर पडेल?

४. 'व्हिग्ना रेडिएटा' आणि 'व्हिग्ना मुंगो' यांपैकीं मूग कोणता?

उत्तरें : (१) इंग्रजी वळणानें सटायव्हम, सटायव्हा, सटायव्हस. (२) तिळास इंडिकम, आंब्यास इंडिका. (३) सतीवोरुम, सतीवारुम. जोर अनुक्रमें 'वो' आणि 'वा' यांवर. (४) रेडिएटा. चौथें उत्तर ज्यांच्या घरीं बीजोत्पादनाचा अर्ज भरावयाचा आहे, त्यांनीं तें अर्जाच्या वरच्या कोपऱ्यांत आधींच लिहून ठेवावें.